दादाने नापास केलेला माणूस

माझा दादा चर्चच्या उपासनेत झोपायचा, आणि तेही उघड्या डोळ्यांनी. पहिल्या बाकावर ताठ बसून, हात मांडीवर ठेवून. पाळकसाहेबांचा उपदेश संपत आला की पापणीही न लववता जागा व्हायचा आणि असं काही खर्जात "आमेन" म्हणायचा की मागच्या बायका एकमेकींना कोपर मारायच्या, बघा, याला म्हणतात विश्वास! मी शेजारीच बसलेली असायचे. हसू दाबता दाबता माझी पुरेवाट व्हायची.

तो बाक आमचा. तसं कुठे लिहिलेलं नाही, पण आजोबा तिथे बसले, मग बाबा बसले, मग दादा. दुसरं कुणी चुकून बसलंच तर वहिनी, म्हणजे दादाची बायको, त्या माणसाकडे अशी बघायची की तो आपणहून उठायचा. आजोबा चर्चच्या पंचांत होते, बाबा पंचांत होते, म्हणून दादाही पंच झाला. प्रभुभोजनाच्या रविवारी, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर सगळे वाटून खातात तेव्हा, भाकरीचं ताट बाकाबाकांतून फिरवायचा मान त्याचा. पांढरा शर्ट, चकाचक बूट, चेहरा असा गंभीर की लहान मुलं रडायची थांबायची.

धर्म आमच्या घरात आडनावासारखा होता. जन्माला आलं की चिकटतो, लग्नाच्या पत्रिकेत छापतात, आणि मेल्यावर दगडावर कोरतात. त्याचं मधल्या काळात करायचं काय, हा प्रश्न आमच्याकडे कुणाला पडला नव्हता. मलाही नाही. उगाच दादावर ढकलून मी सोवळी व्हायला बघत नाही.

आमचं फ्रेमचं दुकान आहे. पुढे गिऱ्हाईक आणि मी, मध्ये प्लायवूडचा आडोसा, मागे दादा आणि त्याची करवत. लग्नाचे फोटो, मेलेल्या माणसांचे फोटो, मुलांची सर्टिफिकेटं, आणि बायबलमधली वचनं. वचनं सगळ्यांत जास्त. मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चला येणाऱ्या, एकूण एक घराच्या भिंतीवर दादाच्या हातची फ्रेम आहे. कोपरा असा बसवायचा की नख घालून बघा, फट सापडणार नाही. कुणाच्या घरी आजारपण असलं, नवीन घर घेतलं, की प्रार्थनेला दादालाच बोलावणं यायचं. "हे सर्वसमर्थ, परमदयाळू, स्वर्गीय पित्या" अशी गाडी एकदा सुटली की कुठे अडखळायची नाही. आणि मी एक डोळा किलकिला करून बघायचे, तर हा पठ्ठ्या दोन्ही डोळे उघडे ठेवून भिंतीकडे बघत असायचा. आमेन म्हटल्या म्हटल्या पहिलं वाक्य, "ती फ्रेम डावीकडे झुकली आहे. हुक बदलून देतो."

हसू नका. दादा ढोंगी नव्हता. ओल्या लाकडाची पट्टी त्याने कधी कुणाच्या गळ्यात मारली नाही. त्याला खरोखरच वाटायचं की विश्वास म्हणतात तो हाच. बाक, ताट, खर्जातलं आमेन. दुसरं काही असतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि ज्याने सांगितलं त्याचं दादाने काय केलं, तेच सांगायला बसले आहे.

तो आमचा काचवाला. दुकानाला काच पुरवायचा. चार चाकांची ढकलगाडी, त्यावर काचा उभ्या बांधलेल्या, आणि तो रस्ताभर ओरडत यायचा, "सांभाळून! सांभाळून!" दहाही बोटांना कुठे ना कुठे पट्टी. पूर्वी महातापट माणूस. एकदा दादाने माप चुकीचं दिलं म्हणून आख्खी काच आमच्या उंबऱ्यावर आपटून निघून गेला होता. मग मध्येच कधीतरी तो बदलला. मऊ झाला. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर येऊन बसायला लागला. आणि एक दिवस पाळकसाहेबांना म्हणाला, मला बाप्तिस्मा हवाय.

आमच्या मंडळीची एक पद्धत आहे. बाहेरून कुणी असं आलं की पंचांतला एकजण त्याला घेऊन बसतो, त्याचा विश्वास तपासतो आणि मंडळीपुढे उभा राहून सांगतो की हा माणूस खरा आहे, मी याच्याबद्दल साक्ष देतो. साक्ष मिळाली तर बाप्तिस्मा, नाहीतर थांबा. काचवाल्याबद्दल पंचांत कुजबुज सुरूच होती, याला नक्की काय हवं असेल म्हणून. पाळकसाहेब म्हणाले, फ्रेमवाले त्याला ओळखतात, त्यांनीच बघावं. दादाने मान डोलावली. न्यायाधीश झाल्यासारखा घरी आला.

परीक्षा दुकानातच झाली, शटर अर्धं ओढून. मी आडोशाच्या अलीकडे पट्ट्यांचे तुकडे लावत होते, त्यामुळे शब्द न् शब्द ऐकला.

"तुझी साक्ष सांग, विश्वास कसा बसला ते," दादा म्हणाला.

"साक्ष म्हणजे काय मालक, झालं ते सांगतो," काचवाला म्हणाला. "माझी बायको माझ्या रागाला कंटाळून माहेरी गेली ती गेलीच. भावाने ते चारचौघांत बोलून दाखवलं. माझं डोकं फिरलं. काचेचा लांब तुकडा फडक्यात गुंडाळला आणि त्याच्या घराकडे निघालो. भोसकायचंच होतं मला, खोटं कशाला बोलू? जिना चढता चढता मध्येच पाय थांबले. हात तर असा घट्ट आवळलेला की माझ्याच तळव्यातून रक्त यायला लागलं. मी म्हटलं, जो कोणी असशील तो, हे माझ्या हातातून घे. मला सोडता येत नाहीये."

"मग?"

"मग सुटलं."

आडोशापलीकडे दादाची खुर्ची करकरली. काचवाला सांगतच होता.

"काच पडली, फुटली, आवाज ऐकून भावानेच दार उघडलं. मी त्याचे पाय धरले. तेव्हा मला माहीत नव्हतं मालक, कोण होता ते. पुढे एकदा काच पोचवायला चर्चमध्ये आलो, आत गाणी चालली होती, म्हणून बसलो. पाळकसाहेब येशूबद्दल बोलत होते. ऐकता ऐकता मी चमकलोच. म्हटलं, अरे! हा तर जिन्यातला!"

माझ्या हातातली पट्टी खाली पडली. मी जन्मापासून त्या चर्चमध्ये जाते, पण असं काही तिथे मी कधी ऐकलं नव्हतं.

"बरं," दादा घसा खाकरून म्हणाला. एवढंच, "बरं."

"मालक, तुमचं कसं झालं?"

"माझं काय कसं झालं?"

"तुम्हाला कुठे भेटला तो?"

"आमच्या तीन पिढ्या चर्चमध्ये आहेत," दादा म्हणाला.

"हो हो, ते तर आहेच. पण तुम्हाला कुठे?"

त्याने हे खोचकपणे विचारलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण तो बिचारा कौतुकाने विचारत होता, जसं नवीन लग्न झालेला माणूस जुन्या जोडप्याला विचारतो, तुमचं कसं जमलं म्हणून. आडोशाच्या फटीतून मला दादाचे कान दिसत होते. लालबुंद झाले होते.

"परीक्षा तुझी आहे, माझी नाही," दादा म्हणाला. "मतांगीकार म्हणून दाखव."

मतांगीकार म्हणजे आम्ही काय काय मानतो ते, दर रविवारी सगळे उभे राहून एका सुरात म्हणतात. आम्हाला तो शाळेच्या आधीपासून पाठ. काचवाल्याने सुरुवात केली, दुसऱ्या ओळीला घसरला, चौथी ओळ आधी म्हणाला, मग "माफ करा मालक" म्हणून पुन्हा पहिल्यापासून. तीच तऱ्हा.

"प्रार्थना तरी करतोस का?"

"ती तर दिवसभर चालू असते!" त्याचा आवाज एकदम खुलला. "गाडी ढकलता ढकलता. आज ऊन फार आहे रे, तो ट्रकवाला बघ कसा घुसला, भावाच्या पोरीला ताप आहे तेवढं बघ. लोकांना वाटतं मला वेड लागलंय."

आणि इथे दादाने ते केलं. तो मुद्दाम दुष्टपणा करत होता असं मला तेव्हाही वाटलं नाही. त्याला त्या माणसाला गप्प करायचं होतं, कसंही करून.

"देवाशी असं बोलतात?" तो कडाडला. "तो काय तुझा गल्लीतला दोस्त आहे? तोंडाला येईल ते बडबडायचं आणि त्याला प्रार्थना म्हणायचं? आधी शब्द नीट पाठ कर. तोपर्यंत हे असलं बोलणं बंद. असलं कुणी ऐकत नसतं."

"ऐकत नसतं?" काचवाल्याने विचारलं.

"नाही."

काचवाला उठला, म्हणाला, "तुम्हाला जास्त कळतं मालक," आणि शटरखालून वाकून निघून गेला. रविवारी दादाने पंचांना सांगितलं, तयारी नाही, सध्या थांबू. त्याच्या शब्दाला वजन होतं. कुणी दुसरा प्रश्न विचारला नाही.

मी मात्र घरी जाता जाता तोंड सोडलं. "दादा, त्याने सरळ विचारलं होतं, कुठे भेटला. तू उत्तर का दिलं नाहीस?"

"तुला यातलं काय कळतं?"

"मला काही कळत नाही. पण तुला देव कुठे भेटला असता तर तू घरी येऊन एवढं तरी सांगितलं असतंस. कढीपत्ता स्वस्त मिळाला तरी सांगतोस!"

त्यावर त्याने माझ्याशी बोलणंच टाकलं. दुकानात खुणांनी काम चालायचं. आणि दादाचे कोपरे चुकायला लागले! पट्ट्या जुळवायच्या, फट दिसायची, मोडायच्या, परत कापायच्या. वहिनीला वाटलं पित्त झालं. ती त्याला सकाळ-संध्याकाळ कसलंसं चूर्ण द्यायची, तोही मुकाट्याने घ्यायचा. पापाला चूर्ण असतं तर काय हवं होतं!

एका दुपारी मी गोंदाचा डबा आणायला मागे गेले, तर दादा टेबलाशी डोळे मिटून उभा होता. "हे सर्वसमर्थ, परमदयाळू," असं म्हणाला आणि थांबला. पुन्हा म्हणाला, पुन्हा थांबला. त्याला ऐकायला समोर कुटुंब नव्हतं, आजारी म्हातारी नव्हती, कुणीच नव्हतं. मग त्याने डोळे उघडले आणि करवत उचलली. मी पाय न वाजवता मागे फिरले.

काचवाला काच आणून द्यायचा, पण आता ओरडण्यापुरतंच तोंड उघडायचा. "सांभाळून" म्हणायचा, माप तपासायचा, जायचा. पूर्वी गाडीशी गप्पा मारत यायचा तो आवाज बंद झाला होता. हे मला जाणवलं होतं, पण मी म्हटलं, असेल काहीतरी. दादाला माझ्याआधी जाणवलं होतं.

मग प्रभुभोजनाचा रविवार आला. दादा ताट घेऊन एकेक बाक करत शेवटच्या बाकाशी पोचला. बाप्तिस्मा नसलेल्याला भाकर देत नाहीत. दादा जवळ आला तसे काचवाल्याने गुडघे बाजूला घेतले, ताट पलीकडे जायला वाट करून दिली, आणि दादाकडे बघून अदबीने हसला. राग नाही, रुसवा नाही. दादा ताट घेऊन परत आला, पाळकसाहेबांनी त्याच्यापुढे भाकर धरली, तर हा नुसता उभा. हात पुढे करेना. सगळं चर्च बघायला लागलं. शेवटी पाळकसाहेब पुढे सरकले आणि दादा आमच्या बाकावर येऊन बसला. वहिनीचा चेहरा पांढराफटक.

घरी आल्यावर ती म्हणाली, "अहो, झालं काय तुम्हाला? आजवर आपल्या घराण्यात असं कुणी केलं नाही."

दादा बूटही न काढता खुर्चीत बसला होता. वहिनीकडे न बघता, माझ्याकडे बघून म्हणाला, "कुठेच भेटला नाही मला."

मी खूप दिवस याच वाक्याची वाट बघत होते, म्हणजे जिरवायला मिळावी म्हणून. पण त्याचा आवाज ऐकला आणि मी खाली बसून त्याच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागले.

"त्याचं ऐकताना मला कळत होतं," दादा म्हणाला. "तो खरं बोलतोय, हे मला पहिल्या वाक्याला कळलं होतं. त्याच्याकडे ते होतं आणि माझ्याकडे नव्हतं. म्हणून मी त्याला नापास केलं. मतांगीकाराचं निमित्त."

संध्याकाळी तो पाळकसाहेबांकडे जाऊन सगळं बोलून आला. लपवलं नाही काही. पाळकसाहेब भले माणूस. म्हणाले, ताट दुसऱ्या कुणाकडे देऊ, तुम्ही काही दिवस नुसते बसा. आणि काचवाल्याचा बाप्तिस्मा आपण येत्या रविवारीच करू, तुम्हीच त्याला सांगून या. दादाचा जीव भांड्यात पडला. त्याला वाटलं, चूक केली, चूक दुरुस्त झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद केलं आणि मला म्हणाला, "चल माझ्याबरोबर. एकट्याने होणार नाही माझ्याच्याने."

काचवाल्याची खोली गोदामाला लागूनच होती. भिंतीला टेकून काचा, मधून जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट, टोकाला पलंग आणि एक स्टूल. आम्हाला बघून त्याची धांदल उडाली. बाहीने स्टूल पुसलं, मला बसवलं, दादाला पलंगावर.

"तुमचा बाप्तिस्मा ठरला," दादा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने त्याला 'तुम्ही' म्हटलं. "या रविवारी. चूक माझी होती. तुमची तयारी होती. माझी नव्हती."

मला वाटलं हा माणूस आता उडी मारेल. तो नुसता पट्टी लावलेल्या बोटांकडे बघत राहिला.

"पण मालक, अजून पाठ झालं नाही."

"राहू द्या ते."

"नाही, रोज बसतो मी." आणि त्याने उभं राहून, शाळेतल्या मुलासारखे हात मागे बांधून सुरुवात केली. चौथ्या ओळीला पुन्हा अडकला. "बघा. इथेच होतं. म्हणजे अजून बोलायची परवानगी नाही."

"कुणाशी बोलायची?" मीच विचारलं.

"त्याच्याशी हो ताई. मालक म्हणाले ना, शब्द नीट येईपर्यंत बंद, असलं कुणी ऐकत नसतं. मी बंद केलं. आधी सवयीने तोंडातून निघायचं, मग मी जीभ चावायचो. आता निघतच नाही." तो दादाकडे वळला. तक्रार नव्हती त्याच्या आवाजात, आणि तेच जास्त टोचत होतं. "करमत नाही हो मालक. गाडी ढकलतो, रस्ता संपतच नाही. परवा भावावर हात उगारला मी. लागला नाही त्याला, पण उगारला. आता बाप्तिस्मा घेऊन काय करू? पाण्यात उभा राहीन आणि कुणाला काय म्हणू?"

दादाच्या तोंडचं पाणी पळालं. पाळकांना सांगून, ताट सोडून त्याला वाटत होतं की सगळं फिटलं. आणि हा माणूस समोर उभा होता, रिकामा.

"मी खोटं बोललो होतो," दादा म्हणाला. "तो ऐकतो की नाही मला काय माहीत? मी कधी बोललोच नाही त्याच्याशी."

"तुम्ही? तुम्ही तर एवढ्या छान प्रार्थना करता!"

"ते नव्हे ते."

"मग आता माझ्यासाठी करा," काचवाला म्हणाला आणि डोळे मिटून उभा राहिला. त्याला वाटलं असेल, ज्याने बंद केलं तोच उघडेल.

दादाने माझ्याकडे बघितलं. मी मान फिरवली, मदत करण्यासारखं माझ्याकडे तरी काय होतं? मग तो पलंगावरून उतरला आणि जमिनीवर बसला, काचेचा चुरा पसरलेला होता तिथेच.

"हे सर्वसमर्थ," तो म्हणाला, आणि अडला. मग त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो खर्जातला नव्हता. फाटका, बारीक. "मला तुझ्याशी बोलता येत नाही. याला येत होतं. मी याचं तोंड बंद केलं. मला... मला लाज वाटते. याच्याशी परत बोल. माझ्याशी नाही बोललास तरी चालेल."

त्याला आमेन म्हणायचंही सुचलं नाही. हमसून हमसून रडायला लागला. दादाला रडताना मी बाबा गेले तेव्हाही बघितलं नव्हतं.

काचवाला तसाच उभा. ओठ हलले, पण आवाज आला नाही. पुन्हा हलले.

"अरे," तो हळूच म्हणाला. "मी रे."

दादाने बाहीने नाक पुसलं.

"खूप दिवस झाले. रागावला नाहीस ना? भावावर हात उगारला, ते तर तू बघितलंच असशील. त्याला माफी मागायचीय, जरा बरोबर ये. पोरीचा ताप गेला, बरं झालं." बोलता बोलता त्याचा आवाज ओला होत गेला, आणि मग त्याने वाकून पट्ट्या लावलेला हात दादाच्या डोक्यावर ठेवला. "आणि हे आमचे मालक, फ्रेमवाले. हे म्हणतात तू त्यांना कधी भेटला नाहीस. तू ओळखतोस ना यांना?"

एवढं विचारून तो खरोखर थांबला, जसं आपण कुणाला काही विचारलं की उत्तरासाठी थांबतो. दादा मान खाली घालून बसला होता. रडणंही थांबलं होतं त्याचं. आणि मी स्टुलावर बसून मनातल्या मनात एकच घोकत होते, आता हा माझ्याबद्दल विचारायला नको.